शेवटचं युनिट कितीला पडतं, ते आधी काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोरेगाव पूर्वेला दोन बेडरूमचं घर, माणसं चार. नवरा-बायको, कॉलेजला जाणारा मुलगा आणि सासूबाई. मे महिन्याचं विजेचं बिल पाच हजारांच्या पुढे गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर अर्धे म्हणतात कंपनी बदला, अर्धे म्हणतात काही फरक पडत नाही. त्यातच इमारतीत पाइपचा गॅस आला आहे. मग सिलिंडर सोडावा, की आता सगळा स्वयंपाक इंडक्शनवरच करावा?

ताई, मी वीस वर्षांहून जास्त काळ सोसायट्यांची आणि घरांची वीजबिलं तपासण्याचं काम करतो. हा प्रश्न दर वर्षी जूनमध्ये येतो, कारण मेचं बिल जूनमध्ये हातात पडतं. आणि पहिली चूक तिथेच होते. माणूस सगळ्यात मोठं बिल समोर ठेवून वर्षभराचा निर्णय घेतो.

आधी तुमच्याकडे पर्याय नेमका काय आहे ते बघू. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी घरगुती ग्राहकाला कंपनी निवडता येत नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, अगदी मुंबईतलं मुलुंड-भांडुपसुद्धा महावितरणकडे आहे. मुंबईच्या शहर भागात बेस्ट आहे. मुंबई उपनगरात मात्र अदानी आणि टाटा या दोघांकडे एकाच भागाचा परवाना आहे. वीज कायदा २००३ चा. त्या कायद्याने एका भागात दोन परवाने देता येतात. टाटा पॉवरला लहान ग्राहकांनाही थेट वीज विकता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. मग ऑक्टोबर २००९ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने एका कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घ्यायची वाट मोकळी केली. अदानी तेव्हा इथे नव्हती, रिलायन्स होती. तो व्यवसाय अदानीकडे आला २०१८ मध्ये.

बदलाचे प्रकार दोन. पहिल्यात तारा त्याच राहतात, फक्त वीज विकणारा बदलतो. याला चेंजओव्हर म्हणतात. दुसऱ्यात नवी कंपनी स्वतःची केबल इमारतीपर्यंत आणते. तो स्विचओव्हर. ग्रुपवर बोलताना लोक या दोन्हींना एकच समजतात. चेंजओव्हर केलात तर तारांचं भाडं, म्हणजे वहन आकार, तार ज्याची त्याच्या दराने लागतो, आणि रात्री केबल जळली तर दुरुस्तीला माणूसही तारवाल्याचाच येतो. तेव्हा ‘त्या कंपनीची लाइट जात नाही’ या कारणासाठी चेंजओव्हर करण्यात काही अर्थ नाही, तार तीच आहे. तुमच्या इमारतीच्या मीटररूमपर्यंत दुसऱ्या कंपनीची केबल आली आहे का, हे सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. तुम्हाला यातला कोणता प्रकार मिळेल ते त्यावर ठरेल.

आता बिल हातात घ्या. वीज आकार, वहन आकार, स्थिर आकार (युनिटं कितीही असोत, तेवढाच), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चाप्रमाणे कमी-जास्त होणारा) आणि या सगळ्यांवर १६ टक्के वीज शुल्क. ग्रुपवर जो ‘रेट’ फिरतो तो बहुतेक वेळा नुसता वीज आकार असतो. सुरुवातीच्या काळात माझ्याकडूनही हीच चूक झाली. एका कुटुंबाला मी युनिटमागचा फरक बघून कंपनी बदलायला सांगितलं. वहन आकार मी हिशेबात धरला नव्हता, आणि बदललेल्या ग्राहकांवर २०११ नंतर क्रॉस सबसिडीचा अधिभार लागला, म्हणजे जुन्या कंपनीच्या स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार उचलण्यासाठीची जादा रक्कम. त्या घरातल्या काकांनी वर्षाची बिलं माझ्यासमोर टेबलावर मांडली, बचत जवळजवळ काहीच नव्हती. ते रागावले नाहीत, पण ती बिलं मी विसरलो नाही. तेव्हापासून मी एकूण रकमेशिवाय बोलत नाही.

घरगुती दर चार टप्प्यांत असतात: पहिली १०० युनिटं, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. बिलाची किल्ली इथे आहे आणि नेमका इथेच मोठा गैरसमज आहे. ३०१ वं युनिट पडलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो असं पुष्कळ लोक मानतात. तसं नाही. जिना आहे हा. पहिली १०० युनिटं नेहमी पहिल्या पायरीच्या दरानेच लागतात, मग तुम्ही महिन्याला ८० जाळा की ८००. रीडिंगचे दिवस ३० ऐवजी ३४ झाले तर पायऱ्याही त्या प्रमाणात रुंदावतात, म्हणून ‘रीडर उशिरा आला आणि आम्हाला वरच्या स्लॅबमध्ये ढकललं’ ही तक्रार बहुधा टिकत नाही. तरी बिलावरचे दिवस मोजून घ्या, क्वचित चूक सापडते.

या जिन्यामुळेच एका कंपनीचा दर खालच्या पायरीवर स्वस्त आणि वरच्या पायरीवर महाग असू शकतो. दुसरीचा उलट. म्हणून ‘कोणती स्वस्त’ याला उत्तर नाही, ‘कोणाला कोणती स्वस्त’ याला आहे.

तुम्ही बारा महिन्यांची युनिटं पाठवलीत हे फार बरं केलंत. जानेवारी २०५, फेब्रुवारी २१०, मार्च ३२०, एप्रिल ४३०, मे ५२०, जून ४४०, जुलै ३००, ऑगस्ट २७०, सप्टेंबर २८०, ऑक्टोबर ३८०, नोव्हेंबर २६०, डिसेंबर २१०. बेरीज ३,८२५. आता हिशेब कसा करायचा ते मी मानीव दरांनी दाखवतो. आयोग दर बदलत राहतो, त्यामुळे तुम्ही दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवरचा चालू दरतक्ता घेऊन हेच गणित पुन्हा करायचं आहे. माझे आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत.

समजा पहिली कंपनी, वहन आकार धरून, चार पायऱ्यांना ५, ९, १२ आणि १४ रुपये लावते आणि स्थिर आकार १०० रुपये. दुसरी लावते साडेसहा, साडेआठ, ११ आणि १३, स्थिर आकार १३०. मे महिना बघा, ५२० युनिटं. पहिलीकडे ५०० अधिक १,८०० अधिक २,४०० अधिक २८० अधिक १००, म्हणजे ५,०८०. दुसरीकडे ४,९४०. दुसरी १४० रुपयांनी स्वस्त! ग्रुपवर हाच फोटो फिरतो. आता फेब्रुवारी बघा, २१० युनिटं. पहिलीकडे १,५९०, दुसरीकडे १,७१५. इथे पहिली १२५ रुपयांनी स्वस्त. बाराही महिने असे मांडले तर दुसरी कंपनी फक्त एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत पुढे आहे, ऑक्टोबरमध्ये दोघी अगदी बरोबरीत, आणि उरलेल्या आठ महिन्यांत पहिली. वर्षाअखेरीस पहिली साधारण ५५० रुपयांनी स्वस्त पडते, शुल्क धरून साडेसहाशेच्या आत.

म्हणजे मेच्या बिलावरून निर्णय घेतला असता तर उलटा घेतला असता.

आणि सरासरी काढूनही हे गणित करू नका. ३,८२५ ला १२ ने भागलं की ३१९ येतात, पण तुमच्या घरात मार्च सोडला तर ३१९ च्या जवळ बसणारा महिना नाही. दोनशेचे आहेत आणि पाचशेचे आहेत, आणि जिन्यावर या दोन्हींचा भाव वेगळा असतो. वहीत बारा ओळी मांडा. अर्धा तास लागतो. मुलाला एक्सेल येत असेल तर दहा मिनिटं.

या उदाहरणात वर्षाचं बिल, शुल्क सोडून, साडेबत्तीस हजारांच्या आसपास आहे. त्यात कंपनी बदलण्याचा प्रश्न ५५० रुपयांचा, दोन टक्केसुद्धा नाही. खऱ्या दरांनी तुमचा फरक याहून मोठा निघू शकतो. तसा निघाला तर जरूर बदला. जुनी थकबाकी आधी मिटवा, नव्या कंपनीकडे अनामत किती लागेल ते विचारा आणि जुनी अनामत परत मागायला विसरू नका. ती साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असते आणि तिच्यावर व्याजही मिळतं. पण फरक पाच-सहाशेचाच असेल तर ही शक्ती दुसरीकडे लावा, आणि ते दुसरं ठिकाण म्हणजे जिन्याची वरची पायरी.

घरात काहीही वाचवलं की ते युनिट वरून कमी होतं, खालून नाही. तुम्ही मेमध्ये एक युनिट वाचवलंत तर ते ५ रुपयांचं नाही, सगळ्यात महागड्या पायरीवरचं. माझ्या मानीव दरांत ३०१ ते ५०० मधलं युनिटसुद्धा १२ रुपयांचं, शुल्कासह १३ रुपये ९२ पैसे. मी याला शेवटच्या युनिटाचा भाव म्हणतो. घरातली कोणतीही वस्तू घ्यावी की नाही हे याच भावाने मोजायचं. नवं काही विजेवर आणलं तर त्याची युनिटंही याच भावाने चढतात.

पंखा घ्या. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेली, कमी वीज खाणारी मोटर) ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे २० युनिटं वाचतात. तुमच्याकडे हॉलचा, सासूबाईंच्या खोलीचा आणि मुलाच्या खोलीचा, असे तीन पंखे जवळजवळ सतत चालू असतात. नऊ महिने धरले तर ५४० युनिटं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीचा मिळून सरासरी १० रुपये भाव आणि शुल्क धरलं तर सहा हजारांच्या वर. पंखा साधारण तीन हजारांना पडतो, दीड वर्षात पैसे वसूल. कंपनी बदलण्यावर तासभर भांडणाऱ्या सोसायटीत पंख्यांबद्दल कोणी बोलत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

एसीच्या बाबतीत तुम्हाला एकच सांगतो, कारण बाकी सगळं तुम्ही ऐकलेलं असणार. तापमान २४ ला ठेवा आणि वर पंखा मंद चालू ठेवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने वाढवलेल्या एकेका अंशाला सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. गीझर दोन किलोवॉटचा असेल तर अर्ध्या तासाला एक युनिट जातं. सकाळी एकदाच तापवून चौघांनी लागोपाठ अंघोळी उरकणं आणि चार वेळा तापवणं यात फरक पडतो.

कंपनी, पंखे, एसी यांच्याही आधी एक गोष्ट मात्र आजच करा. मीटररूममध्ये जाऊन तुमचं मीटर खरंच तुमचंच आहे का बघा. दोन वर्षांपूर्वी मालाडच्या एका पुनर्विकसित इमारतीत मी एका जोडप्याचं बिल बघत होतो. दोघंच राहायची, दिवसभर कामावर, आणि बिल चारशे युनिटांचं. जिन्याखाली ओळीने मीटरं, धूळ, एका कोपऱ्यात मोडकी सायकल. वर त्या बाईंना फोन करून घरातला मेन बंद करायला सांगितलं. त्यांच्या फ्लॅटचा नंबर ज्या मीटरवर होता त्याचा लाल दिवा तसाच लुकलुकत राहिला. शेजारच्या मीटरचा मात्र थांबला. दोन फ्लॅटच्या वायरी जोडताना अदलाबदल झालेली. शेजारी सहा माणसं आणि दोन एसी, आणि त्यांचं बिल ही दोघं वर्षभर भरत होती. त्या दिव्याशेजारी मीटरवर छापलेलं असतं, एका युनिटाला किती वेळा लुकलुकतो ते, बऱ्याच मीटरांवर ३,२०० असतं. मेन बंद केल्यावर तुमच्या मीटरचा दिवा थांबला पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे. अदलाबदल निघाली तर कंपनीला लेखी द्या, दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल.

थ्री-फेज घ्या असं कोणीतरी सुचवलं आहे म्हणता. दोन एसी, गीझर आणि इंडक्शन एकाच वेळी चालवायचे असतील तर कदाचित लागेलही. पण थ्री-फेजचा स्थिर आकार सिंगल-फेजपेक्षा बराच जास्त असतो, आणि तो तुम्ही गावाला गेलात तरी दर महिन्याला भरावा लागतो. आत्ताच्या मीटरवर बटण दाबत गेलात की ‘एमडी’ असा आकडा येतो. त्या महिन्यात एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॉट ओढले गेले ते तो सांगतो. तो मंजूर भाराच्या, म्हणजे कंपनीने तुमच्या जोडणीला मंजूर केलेल्या किलोवॉटच्या, आत असेल तर थ्री-फेजचं नाव काढू नका.

आता गॅस. इथे कंपनी निवडायचा प्रश्नच नाही. पाइपच्या गॅसला प्रत्येक शहरात ठरावीक कंपनीलाच परवानगी असते, मुंबईत महानगर गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस (एमएनजीएल). तेव्हा निवड आहे ती सिलिंडर, पाइप आणि इंडक्शन यांच्यातली, आणि तीही शेवटच्या युनिटाच्या भावानेच सुटते.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातून जेवढी उष्णता मिळते तेवढी पाइपच्या सुमारे १८ घनमीटर गॅसमधून मिळते. मग तुमच्या गॅसबिलावरचा सर्व करांसकट घनमीटरचा भाव घ्या, १८ ने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशेजारी ठेवा. भाव ५० रुपये असेल तर ९०० रुपये. सिलिंडर त्याहून महाग असेल तर पाइप स्वस्त, नसेल तर नाही. दोन्ही जवळपास पडले तर मी पाइपच्या बाजूने आहे, आणि कारण पैशाचं नाही. सासूबाई दुपारी एकट्या असतात असं तुम्ही लिहिलंय. सिलिंडर संपला की बदलणं, रेग्युलेटर बसवणं हे सगळं जातं. शिवाय पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर चढून खिडकीतून निघून जायला वाव असतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो ओट्याखाली आणि जमिनीलगत साचून राहतो. म्हणून पाइप घेतलात तरी स्वयंपाकघराची हवा जाण्याची वरची झडप बंद करून त्यावर कपाट बसवू नका. फर्निचर करणारे हमखास करतात.

आणि इंडक्शन? एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला, शेगडीवर वाया जाणारी उष्णता वजा करून, १३५ ते १४० युनिटं लागतात. तुमच्याकडे ती युनिटं आत्ताच्या वापराच्या वर चढणार, म्हणजे उन्हाळ्यात शुल्कासह जवळजवळ १४ रुपयांनी. एका सिलिंडरच्या स्वयंपाकाचे एकोणीसशे रुपये झाले! हिवाळ्यात तुम्ही दुसऱ्या पायरीवर असता, तेव्हाही चौदाशेच्या वर. तुमच्या घरात सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेणं परवडणारं नाही. हाच हिशेब पवईत एकट्या राहणाऱ्या आणि महिन्याला ४० युनिटं जाळणाऱ्या मुलीसाठी केला तर उलटा येतो. तिला तीन महिन्यांनी एक सिलिंडर लागत असेल, तिची इंडक्शनची युनिटं पहिल्या पायरीतच बसतात आणि सहा रुपयांच्या आत पडतात. तिने जरूर घ्यावं. तुम्ही एक छोटं इंडक्शन चहा-दुधापुरतं आणि गॅस अडला तर म्हणून ठेवा.

सौर पॅनेलचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सोसायटीची गच्ची मोकळी असेल तर बैठकीत विषय काढा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतःचं छप्पर असलेल्या घराला तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि जिन्याच्या दिव्यांसाठी किलोवॉटमागे १८ हजार. एक किलोवॉट दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतो. यातून तुमचं घरचं बिल कमी होणार नाही, मेंटेनन्स कमी होऊ शकतो.

तुमच्या बहिणीसाठीही विचारलं आहे, त्या पुण्यात. तिथे महावितरणच, त्यामुळे कंपनीचा विषय संपला. पण त्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसला असेल तर जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर रात्रीऐवजी दुपारी लावायची, एवढंच. मीटर साधा असेल तर ती सवलत मिळत नाही, दुपारी धुवा की रात्री.

तर तुमचा क्रम असा. उद्या सकाळी मीटरचा दिवा. रविवारी बारा ओळींचं गणित, चालू दरांनी, इंधन समायोजन आकार गेल्या तीन बिलांत किती होता तेही दोन्हीकडे बघून. पंखे दिवाळीची वाट न बघता. पाइपच्या गॅसचा अर्ज आत्ता भरा, कारण इमारतीत एकदम जोडण्या देतात तेव्हा काम लवकर होतं. जोडणी देताना शेगडीची नोझलं बदलायला सांगा आणि ती समोर उभं राहून बदलून घ्या. पाइपच्या गॅसचा दाब कमी असतो, सिलिंडरची नोझलं तशीच ठेवली तर ज्योत बारीक येते, भाकरी नीट फुगत नाही, आणि मग सासूबाई म्हणतील, सिलिंडरच बरा होता.